भाऊजींचा 'एक'

आमच्या भाऊजींइतका मोठ्या आवाजाचा माणूस भिवंडीत दुसरा नसेल, आणि जगातली कुठलीही भानगड साइन-कॉसमध्ये आणता येते असं मानणारा तर पृथ्वीवर नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नारपोलीत एका लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत ते दहावीच्या गणिताचा क्लास घेतात. खाली दिवसभर खटाखट, त्यामुळे वर त्रिकोणमिती ओरडूनच शिकवावी लागते. शुक्रवारी लूम बंद असतात, भाऊजींचा आवाज मात्र सुट्टी घेत नाही. 'सरळ रूप द्या' असं गणित आलं की टॅन, सेक, कॉट या बड्या मंडळींना ते आधी साइन-कॉसच्या पंगतीला बसवतात, काटछाट करतात, आणि साइन स्क्वेअर थीटा प्लस कॉस स्क्वेअर थीटा दिसलं की फळ्यावर डस्टर आपटून विचारतात, "बरोबर किती?" पोरं तोंड उघडेपर्यंत त्यांना धीर कुठला! स्वतःच गर्जतात, "एक!" खिडकीखाली बसणाऱ्या खारबावच्या भाजीवाल्या मावशींनी एकदा तक्रार केली होती, "सर, तुमचा येक आयकून गिऱ्हाईक येकच जुडी न्हेतंय."

माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी वज्रेश्वरीला फिसकटायला आली होती. वरपक्षाला एसी हॉल हवा, बँड हवा, वर डीजेही हवा. मी घामाघूम. भाऊजी म्हणाले, "थांबा. आधी सगळं साइन-कॉसमध्ये आणू. हॉल कोणाला हवाय?" मुलाच्या आत्याला. "बँड?" आत्यालाच. "डीजे?" आत्याच्या मुलाला. "म्हणजे आत्याबाई सगळ्या पदांत आहेत. सामाईक काढा." कोपऱ्यात गाल फुगवून बसलेल्या आत्याबाईंना त्यांनी पुढच्या खुर्चीवर आणून बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला मुलगी पसंत आहे ना?" तोवर त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. आत्याबाई हसल्या. हॉल कटला, बँड कटला. डीजे तेवढा उरला, तो आम्ही सोसला.

गेल्या हिवाळ्यात भाऊजींचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर अक्षर बोलायचं नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. आवाज गेला तर क्लास गेला, आणि क्लासशिवाय भाऊजी ही कल्पनाच मला सहन होईना. पोरांची परीक्षा तोंडावर आलेली. म्हणून ते मुक्यानेच शिकवायला उभे राहिले आणि ताईने मला पहाऱ्याला बसवलं.

शुक्रवार होता. लूम बंद. फळ्यावरची भलीमोठी पदावली आकसत आकसत साइन स्क्वेअर प्लस कॉस स्क्वेअरवर आली. सवयीने डस्टर आपटला गेला. भाऊजींनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्यांचे डोळे भरून आले. पोरांनी माना खाली घातल्या. उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

तेवढ्यात खिडकीखालून मावशींचा आवाज आला, "येक, सर. येक हाय."

सगळा वर्ग हसला. भाऊजींनी एक लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता आवाज परत आलाय, पण पहिल्यासारखा नाही; खटाखटीत बुडून जातो. डस्टर आपटून ते हल्ली थांबतात आणि उत्तर पोरांना देऊ देतात. पोरं चांगली ओरडतात, तरी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. फक्त शुक्रवारी, लूम बंद असले की, न राहवून भाऊजींनीच म्हटलेला 'एक' हलकासा खाली ऐकू येतो. तेव्हा मावशी हातातला तराजू खाली ठेवतात, आणि मीही भाजी घेण्याच्या निमित्ताने तिथे उभा असतो.