दीपमाळ आम्हीच देऊन टाकली

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. जे लिहिलंय ते बोलल्यासारखं झालंय, ज्याला खपत नसेल त्यानं वाचू नये. ही, म्हणजे माझी बायको, जाऊन आता तिसरा महिना चाललाय. घरात बोलायला माणसं नाहीत असं नाही, मुलगा आहे, सून आहे. पण मी हिचं काही बोलायला लागलो की दोघं एकमेकांकडं बघतात. म्हणून कागदावर.

आमचं गाव कर्वेनगरच्या पलीकडं. त्याला आता गाव म्हटलं की रिक्षावालासुद्धा हसतो. मी इथं मेथी-कोथिंबीर पिकवायचो आणि पहाटे सायकलवर जुड्या बांधून मंडईत न्यायचो. नव्वदनंतर जमिनींना पाय फुटले. कंपन्या आल्या, कंपन्यांत काम करणारी पोरं आली, त्या पोरांना राहायला घरं पाहिजेत म्हणून बिल्डर आले. सगळ्यांनी दिली तशी मीही जमीन दिली. तिथं आता सात मजली इमारत आहे आणि तिच्यात चौथ्या मजल्यावर मी राहतो. म्हणजे माझ्याच मेथीच्या वाफ्यावर, पण अधांतरी.

गावामागं टेकडी आहे. टेकडीवर महादेवाचं छोटं देऊळ आणि त्याच्यापुढं दीपमाळ. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या दगडाचा उंच खांब, खाली जाड, वर निमुळता. त्याला सगळीकडून दगडाचे हात बाहेर आलेले. त्या हातांवर पाय देत वर चढायचं आणि प्रत्येक हातावर पणती ठेवत यायचं. वर्षातून एकदा, त्रिपुरी पौर्णिमेला. समुद्राकाठच्या लोकांना दीपगृह असतं म्हणतात, तशी आमची ही. माझा आजा सांगायचा, नदीला पूर आला की पलीकडच्या माणसांना वाट कळावी म्हणून पूर्वी पावसाळ्यातही वर जाळ करायचे.

चढायचं काम आमच्या घराकडं होतं. आजा चढला, बाप चढला, मग मी. ही खाली उभी राहून पणत्या वर द्यायची. "डावा पाय नीट ठेवा, तिथं शेवाळ हाय," असं दर वर्षी त्याच दगडाला सांगायची. मी म्हणायचो, "अगं, तो दगड मला तुझ्या आधीपासून ओळखतो." त्यावर ती म्हणायची, "म्हणूनच पाडंल. वळखीचंच पाडत्यात."

तेलाची आमची एक रीत होती. प्रत्येक घरातून करडईचं तेल यायचं. देवळापुढं मोठं घंगाळ ठेवलेलं असायचं, त्यात मुकाट्यानं ओतायचं आणि बाजूला व्हायचं. कोणी किती आणलं हे बघायचं नाही, विचारायचं नाही, सांगायचं तर नाहीच. हे माझं तेल, ही आमची पणती, असा शब्द कुणाच्या तोंडून निघाला तर म्हाताऱ्या बाया त्याला फाडून खायच्या. चढणाऱ्याचंही तसंच. मी चढतो हे सगळ्या गावाला माहीत, पण मी चढतो असं मी म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचं, गाव लावतं.

या रीतीनंच आमचा घात केला.

झालं असं की टेकडीही कुणीतरी कापायला घेतली. एके दिवशी सकाळी पोकलेन आला आणि मागल्या अंगानं मुरूम काढायला लागला. ट्रकच्या ट्रक. दोन आठवड्यांत दीपमाळेपासून हाकेच्या अंतरावर कडा तुटलेला दिसायला लागला. पुरुष चावडीत बसून चर्चा करत होते. ही चार बायांना घेऊन गेली आणि पोकलेनपुढं बसली. भाकरी बांधून नेली होती. चालवणारा उत्तरेकडचा पोरगा, तो खाली उतरून म्हणाला, "माताजी, हटिये." ही म्हणाली, "जेवलास का?" तो जेवला नव्हता. त्या दिवशी काम बंद राहिलं.

मग नव्या सोसायट्यांमधले, सकाळी टेकडीवर फिरायला येणारे लोक आमच्याबरोबर उभे राहिले. त्यांनी पाट्या लिहिल्या, वकील आणला. त्यांचं म्हणणं, टेकडी वाचवायची तर एकच उपाय, ती वनखात्याकडं द्या, राखीव होऊ द्या. टेकडी आणि तिच्यावरचं सगळं. आम्हाला पटलं. दारात कोणी गाय पळवायला आला तर आपण ती शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधतो, तसंच आम्हाला वाटलं. गाय आपलीच राहते.

साहेब लोक मोजणीला आले, त्या दिवशी देवळापुढं सगळं गाव बसलं होतं. एका साहेबानं विचारलं, "ह्या दीपमाळेवर दिवे कोण लावतं?"

"गाव लावतं," पाचसहा जण एकदम म्हणाले.

"गाव म्हणजे कोण? एखाद्या माणसाचं, एखाद्या घराचं सांगा. वहिवाट कुणाची?"

सगळे जमिनीकडं बघायला लागले. साहेब म्हणाला, "अहो, कोणीतरी चढत असेल ना वर? का दिवे आपले आपण चढतात?" लोक हसले. मला राहवेना. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागलो. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून हिचा आवाज आला, "अवो, खाली बसा. तेलाचं नाव घेत्यात का कुठं?"

बाया हसल्या. मी खाली बसलो. साहेबानं काहीतरी लिहून घेतलं. पुढं काही वर्षांनी कळलं काय लिहिलं ते. कोणाचाही हक्क नाही.

टेकडी वाचली, हे मी कबूल करतो. मुरूम थांबला, झाडं लागली, मोर परत आले. कुंपण आलं, दार आलं, दारावर माणूस आला. पहिली काही वर्षं दारावरच्या माणसानं त्रिपुरीला डोळेझाक केली. मग एका उन्हाळ्यात कुणी तरी दारू पिऊन वर विडी टाकली आणि अर्धी टेकडी जळाली. त्यानंतर आगकाडी न्यायलाही बंदी. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही. कार्तिकात गवत वाळलेलं असतं, मला कळतं. पण त्या वर्षी ही तेलाचं भांडं घेऊन दारात उभी होती आणि दारावरचा म्हणाला, "मावशी, तुमची नोंद कुठंय?"

ही मागं वळली. घरी आली, तेल परत डब्यात ओतलं. मी तिच्यावर ओरडलो, "तूच मला बसवलंस खाली!" ती म्हणाली, "मग काय, आपलं हाय म्हणून सांगायचं व्हतं?" एवढंच. त्यानंतर दर त्रिपुरीला ती गॅलरीत एक पणती लावून टेकडीकडं तोंड करून बसायची. सून म्हणायची, "आई, वारा आहे, आत या." ती यायची नाही.

गणपती झाल्यावर ती गेली. आतलं दुखणं होतं, उशिरा कळलं. शेवटच्या दिवसांत शुद्ध यायची-जायची. एकदा दुपारी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ह्या बारीला वर लावा. माझ्या नावानं लावा."

मी म्हटलं, "नाव?"

"व्हय. नावानं."

जन्मभर जिनं तेलाचं नाव घेऊ दिलं नाही, ती असं म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून त्रिपुरीपर्यंत मी वेड्यासारखा फिरलो. ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात. एक तरुण साहेब होता, चांगला होता, पाणी दिलं. म्हणाला, "काका, तुमच्या भावना मी समजू शकतो."

मी म्हटलं, "समजत असत्या तर बसून बोलला नसतास."

तो खरंच उठून उभा राहिला. मला आणखीच वाईट वाटलं. तो म्हणाला, "पण नियमात बसत नाही. एकाला दिलं की सगळे येतील."

"सगळे कोण? चढणारा मी एकटा उरलोय. आणि माझेही गुडघे गेलेत."

घरी मुलाला सांगितलं. तो हिंजवडीला कंपनीत आहे, परदेशातल्या लोकांच्या वेळेनं जागतो. म्हणाला, "बाबा, प्रॅक्टिकल विचार करा ना. आपण एलईडीच्या माळा लावू, सोलरच्या. आमच्या ऑफिसची मुलं वीकेंडला येतील, मस्त दिसेल."

मी म्हटलं, "तुझ्या आईनं तुला सोलरवर वाढवलं का?"

तो चिडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो तसाच लॅपटॉपकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर ऑफिसात आला. इंग्रजीत बोलला, बराच वेळ बोलला. काय बोलला मला कळलं नाही, मधे एकदा 'मदर' ऐकू आलं.

परवानगी मिळाली. एक पणती. दीपमाळेच्या पायथ्याशी, वर नाही. पत्र्याच्या ताटात वाळू घालून. शेजारी पाण्याची बादली आणि खात्याचा माणूस. आणि दार बंद व्हायच्या आत सगळं आटपायचं. बिबट्या दिसल्यापासून टेकडी उजेडातच रिकामी करतात.

हे शेवटचं आम्ही दोघांनी ऐकलं आणि मान हलवली. आनंदात होतो. घरी आल्यावर सून म्हणाली, "म्हणजे दिवा दिवसाच लावायचा?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पण आता मागं जाऊन काय मागणार?

त्रिपुरीला मुलाला कामावरून सुटता आलं नाही. मी एकटाच गेलो, थांबत थांबत चढलो. दारावरचा माणूस जुन्नरकडचा, कंत्राटावर आलेला, तोच बादली घेऊन माझ्याबरोबर वर आला. माझ्या हातातलं ताटही त्यानंच घेतलं. ऊन चांगलं होतं. मी पणती वाळूवर ठेवली, तेल काठोकाठ भरलं, कारण आम्ही तसंच भरतो, पहाटेपर्यंत पुरावं म्हणून. वात लावली.

काही दिसेना. उन्हात ज्योत दिसतच नाही. लागली का विझली हे कळायला मी वर हात धरला, तेव्हा ऊब लागली.

एक मुलगी पळत पळत वर आली, कानात वायरी. थांबून म्हणाली, "अंकल, इथं फायर अलाउड नाहीये."

"परवानगी हाय, मॅडम," तो माणूस म्हणाला.

"ओह, सॉरी. काही पूजा आहे का?"

मी म्हटलं, "बायको गेली."

तिनं कानातल्या वायरी काढल्या. बूट काढून उभी राहिली. मग नमस्कार करून गेली.

ऊन कलायला लागलं. आणखी तासाभरात ज्योत दिसली असती. खालून दार बंद करायची शिट्टी वाजली. तो माणूस बादलीकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "बाबा रे, आमच्यात दिवा विझवत नाहीत. तेल संपलं की तो आपोआप शांत होतो."

"तेल किती घातलंय?"

मी पणतीकडं बोट दाखवलं. त्यानं वाकून बघितलं. पणती अजून भरलेलीच होती.

"आजोबा, माझं कंत्राट हाय," तो म्हणाला. "तसा सोडून गेलो नि वाऱ्यानं गवतात पडला, तर मला घरी पाठवतील. पोरं शाळंत हायेत माझी."

"मग ओत पाणी."

त्यानं बादली उचलली आणि परत ठेवली. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तुम्हीच करा."

मी दीपमाळेच्या पहिल्या हाताला धरून खाली बसलो. हिचं नाव घेतलं, मोठ्यानं. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला नावानं हाक मारली नव्हती. त्या माणसानं तोंड फिरवलं. मग मी वात दोन बोटांत धरली आणि दाबली. पाणी ओतायचं नव्हतं मला, तेवढं तरी माझ्या हातात होतं.

ज्योत उन्हात दिसली नव्हती. धूर मात्र दिसला. सरळ वर गेला, दगडाच्या सगळ्या हातांवरून, एकेका हाताला लागत, वरपर्यंत. मग तोही दिसेनासा झाला.

खाली उतरेपर्यंत चंद्र निघाला होता आणि शहरातले दिवे लागले होते. दार लागलं. घरी सून म्हणाली, "बाबा, बोटांना काय झालं?"

मुलाचा कामावरून फोन आला होता, तो तिनं माझ्या कानाला लावला. "झालं का बाबा? नीट झालं ना?"

मी म्हटलं, "लावला."

एवढंच म्हणालो. पुढचं त्याला सांगितलेलं नाही.