कुत्रा नसलेला माणूस

आमच्या भागातल्या डॉग पार्कचा नियम साधा आहे. रस्त्यावर कुत्रा साखळीत हवा; आत येऊन फाटक लावलं की मोकळा सोडायचा. जाळीबाहेरच्या बाकावर रोज एक पांढऱ्या टोपीतला माणूस बसायचा. त्याच्याकडे कुत्राच नव्हता. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला.

मी मुळातच संशयी. दूधवाला जरा गोड बोलला तरी त्या दिवशी दूध माप बघून घेते. त्यात जातिवंत कुत्री चोरून विकतात हेही ऐकलेलं. पण हा माणूस लॅब्राडॉरकडे ढुंकून बघत नव्हता. त्याची नजर आमच्या गावठीवर! रस्त्यावर सापडलेला, एक कान फाटका, एका संस्थेतून आणलेला आमचा कुत्रा. आणि साखळी सोडली की हा गडीही थेट जाळीपाशी, त्या माणसासमोर जाऊन उभा. नक्कीच तो माणूस चोरून काहीतरी खायला घालतोय.

"काही देताबिता का हो त्याला?" मी दरडावलं.

"न्हाई ताई. कारभारीण दवाखान्यात हाय. भेटायची वेळ होईस्तवर बसतो."

दवाखान्यात काय बाकं नाहीत? माझा अजिबात विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो फाटक उघडून आत आला आणि त्यानं कुत्र्याला मला माहीत नसलेल्या नावानं हाक मारली. आमचा कुत्रा उधळत गेला, त्याच्या पायांत लोळला, लहान पोरासारखा कुंई कुंई करत राहिला. आमच्या घरी तो असा कधीच बोलला नव्हता.

"चाकणकडं रस्त्याच्या कामात आमचा गोठा पाडला, तवा बिथरून पळाला," तो म्हणाला. "कारभारणीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. न्यायचं न्हाई मला. बरा हाय, एवढं तिला सांगायचं व्हतं."

त्याचं खरं वाटलं. आता संशय होता तो कुत्र्याचा. फाटक उघडल्यावर हा कुणामागे जाईल? कुत्र्याचा मला भयंकर राग आला, आणि रडूही. मी तिथंच पिशवीतून साखळी काढली.

"बांधा ताई," माणूस म्हणाला. "न्हाईतर माझ्यामागं यील त्यो."

मला साखळीची कडी लागेना. शेवटी ती त्यानंच लावून दिली.