बारकीची म्होरकी

बारकीनं म्होरकी हुंगली, नाकपुड्या फेंदारल्या आणि सरळ मागे सरली. बापूंनी म्होरकी पुन्हा पुढे केली. तिनं मान एवढी वर नेली की बापूंचा हातच पोचेना.

"ताई, हाई काय करी ठेवं तुनी?" बापू माझ्याकडे वळून म्हणाले.

सारंगखेड्याचा घोडेबाजार भरात होता. सगळीकडे नटलेल्या घोड्या, आणि आमची बारकी मात्र जुन्या सुती दाव्यात. म्होरकी म्हणजे जनावराच्या तोंडावर चढवतात तो पट्ट्यांचा साज. ही चामड्याची होती, चामडं शिवणाऱ्या आमच्या मुनाफचाचांनी बनवलेली. नाकावरच्या पट्टीवर मी लेझरनं 'बारकी' असं कोरून दिलं होतं. काम सुरेखच झालं होतं, अक्षरं बोटानं चाचपून वाचता येतील अशी. पण घोडीला ती वाचायची नव्हती, घालायची होती.

माझं शहाद्याला एसटी स्टँडजवळ लेझर मार्किंगचं दुकान आहे. पाकिटं, पट्टे, की-चेन, डायरीची कव्हरं, ज्यावर म्हणाल त्यावर नाव घालून देते. लोकांना वाटतं हे छापणं आहे. छापणं कसलं! शाई नाही, रंग नाही. मशीनमधून येणारा किरण चामड्याचा वरचा थर जाळतो, जळाला तेवढा भाग गडद दिसतो, तेच अक्षर. आम्ही शिस्तीत जाळतो, एवढंच. आणि चामडं म्हणजे शेवटी कातडी. जाळलं की केस जळाल्यासारखा वास येतो.

हा वास मला येत नाही. इतकी वर्षं त्यात बसून माझं नाक मेलंय. त्यामुळे वास गेला की नाही हे बघायचं काम शेजारच्या जगदीशभाऊंकडे. त्यांचं फरसाणचं दुकान. मी मशीन चालू केलं की पाचव्या मिनिटाला ते दारात. "ताई, मन्ही शेवले केसना वास लागी ऱ्हायना." मी पाकीट त्यांच्या नाकाशी धरते. त्यांनी तोंड वाकडं केलं की पुन्हा पुसते, नाही केलं की गिऱ्हाइकाला देते. असं आमचं क्वालिटी कंट्रोल.

बापू म्होरकी घेऊन दुकानात आले त्या आठवड्यात जगदीशभाऊंचं शटर बंद होतं. फरसाणचा स्टॉल घेऊन तेही सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते, घोडेबाजार त्याच यात्रेत भरतो.

बापू शहाद्याकडचेच, केळीवाले. गुडघे गेलेत, मुलगा सुरतेला. घोडीची उस्तवार आता होत नाही म्हणून ती विकायची ठरवलेली. तिला चांगलं घर मिळेल की नाही याची त्यांना काळजी नव्हती, घोडीच तशी देखणी. काळजी होती नावाची.

"नवा मालक नाव बदली टाकस," ते म्हणाले. "तिन्हं नाव मन्ही घरवालीनी ठेवेल शे."

शिंगरू होती तेव्हा काडीसारखे पाय, म्हणून काकूंनी बारकी म्हटलं. पुढे ती वाढली ती वाढलीच. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता एवढ्या उंच घोडीला बारकी कोण म्हणणार? म्हणून बापूंना ते नाव चामड्यावर हवं होतं, म्हणजे घोडी जाईल तिथे नावही जाईल.

"खोल लिखजो," त्यांनी बजावलं. "पुसाले नको."

आता आमच्या धंद्यात खोल म्हणजे पॉवर जास्त, स्पीड कमी. जेवढं खोल, तेवढी खाचेत काजळी. एरवी मी कुणाचं ऐकत नाही, पण काकूंची गोष्ट ऐकली आणि मी विरघळले. दोनदा मशीन फिरवलं. ओल्या फडक्यानं पुसलं, माझ्या मेलेल्या नाकानं हुंगलं, पास करून टाकलं.

आणि बाजाराच्या दिवशी सकाळी बापूंचा फोन, घोडी म्होरकी तोंडाला लावू देत नाही. गुजरातमधल्या व्याऱ्याचे एक डॉक्टर दुपारी बघायला येणार होते. त्यांच्यासमोर ती अशी उधळली असती तर 'भडकू' म्हणून शिक्का बसला असता. तो शिक्का माझ्या लेझरपेक्षा पक्का. मी स्कूटी काढली.

पोचले तर जगदीशभाऊ आधीच हजर. त्यांनी म्होरकी नाकाशी नेली आणि डोळेच मिटले.

"ताई, हाई तू पास करं?"

"तुम्ही नव्हतात ना तिथे! कुणाला विचारू, एसटीच्या कंडक्टरला?"

मग कामाला लागलो. टूथब्रशनं खाचांतली काजळी काढली. शाम्पूच्या पाण्यानं पुसलं, उन्हात धरलं. बारकी हुंगून मागे. जगदीशभाऊ म्हणाले, बेसन कुठलाही वास ओढतं. चोळलं बेसन. आता केस जळून त्यांची शेव पाडल्यासारखा वास येतोय, असं त्यांनीच सांगितलं. बापूंनी गूळ धरला. बाईसाहेबांनी गूळ खाल्ला, हात चाटला आणि मान फिरवली. प्रत्येक वेळी बिथरली की ती एकच करायची, बापूंच्या खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसायची.

तेवढ्यात डॉक्टर आलेच. मी घाईनं म्होरकी स्वतःच्या खांद्यावर टाकली.

डॉक्टर दातांचे निघाले. त्यामुळे घोडीचे दात त्यांनी जरा जास्तच वेळ बघितले. चाल बघितली, खूर बघितले. बारकी गाईसारखी शांत उभी. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. पट्टी वाचली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बारकी... तुमचं नाव?"

माझं वजन ऐंशीच्या घरात. जगदीशभाऊ तोंडाला रुमाल लावून स्टॉलकडे पळाले.

"घोडीचं," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "एवढ्या उंच घोडीला? छे छे. आपण हिला तेजल म्हणू."

बापूंचा चेहरा बघवेना. मला डॉक्टरांचा राग आला, आणि ते माणूस म्हणून चांगले वाटत होते याचा जास्त राग आला.

व्यवहार ठरला. डॉक्टरांच्या ड्रायव्हरनं दाव्याला हात घातला, तसे बापू पुढे झाले.

"दावं नही मिळाव."

आपल्याकडे जनावर विकतात, दावं विकत नाहीत. ज्यात जनावर विकायला उभं राहिलं ते मालकाबरोबर घरी परत जातं, नाहीतर दावणीची बरकत जाते म्हणतात. डॉक्टरांनाही हे माहीत होतं, त्यांनी मान डोलावली. माझ्या मात्र डोक्यात तेव्हा प्रकाश पडला.

"बापू," मी म्हटलं, "बारकीनं सकाळी ही म्होरकी घातली असती, तर तीच तुमच्या घरी परत गेली असती. नावासकट!"

बापू माझ्याकडे बघत राहिले. मग दाव्याकडे बघितलं, मग म्होरकीकडे. "हाई ते मन्हा ध्यानमाच नही उनं," ते म्हणाले आणि खो खो हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले.

म्हणजे माझी चूक देवासारखी धावून आली होती. म्होरकी घोडीला लागलीच नव्हती, म्हणून ती द्यायला मोकळी. फक्त घोडीनं ती घातली पाहिजे. नाहीतर ड्रायव्हर बाजारातून साधा दोर आणायला निघालाच होता.

मी बापूंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. नाकाच्या पट्टीवर, बरोबर नावावर, दोन वेढे दिले आणि गाठ मारली. "आता लावा."

बारकीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग स्वतःच तोंड आत घातलं.

मी डॉक्टरांना सांगितलं, वास उडेपर्यंत टॉवेल सोडू नका. नाव तुमच्या मर्जीनं ठेवा, पण पट्टीवरचं निघायचं नाही, मी खोल कोरलंय. घोडी टेम्पोत चढली. बापू रिकामं दावं मुठीत गुंडाळत उभे राहिले.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या फोनवर घोडीचा फोटो पाठवला. पट्टी उघडी, 'बारकी' लख्ख. खाली लिहिलं होतं, 'तेजल म्हटलं की ढुंकून बघत नाही. आम्हीच हरलो.'

बापूंना दुकानात बोलावून फोटो दाखवला. त्यांनी बोटांनी तो मोठा केला, नाव बघितलं, मग फोटो मागच्या गोठ्यापर्यंत सरकवत नेला. गोठ्याच्या खांबाला त्यांचा टॉवेल बांधलेला होता.

"टॉवेल परत मागवू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," बापू म्हणाले. "माले दुसरा शे."

तेव्हापासून जनावराच्या साजावर मी नाव नाकाच्या पट्टीवर घालत नाही, गालाच्या पट्टीवर घालते. आणि जगदीशभाऊ गावाला गेले असले की ऑर्डर थांबवून ठेवते.