नाडीची सुरगाठ

"स्ट्रोक आहे. उजवा हात गेलाय, येईल हळूहळू," डॉक्टर माझ्या देखत माझ्या नवऱ्याला म्हणाले. स्ट्रोक म्हणजे मेंदूत रक्ताची गुठळी अडकते आणि तेवढा भाग बंद पडतो. माझी जीभ शाबूत होती, पण मला कोणी काही विचारलंच नाही.

भांडुपला चाळीत परत आले. संडास गॅलरीच्या टोकाला. पाय चालत होते, पण परकराची नाडी एका हाताने ना सुटे, ना बांधता येई. दर वेळी वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, सोबत यायच्या. बाहेर रांग, आत आम्ही दोघी! लाजेने मी पाणी प्यायचंच कमी केलं.

त्यात वन्सं मारायच्या निरगाठ. "सुरगाठ सुटली तर चारचौघांत शोभा होईल गं." पण निरगाठ मला सुटणार कशी? म्हणजे पुन्हा वन्संच.

मुलुंडला फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे व्यायाम देऊन हाताला परत शिकवणं. तिथली मुलगी मायाळू, पण तोंडाला खंड नाही. "काकू, मनगट वर. अंगठा आत. खांदा सैल. रिलॅक्स!" घरी वन्संचं तेच. अगं, मनगटाचं ऐकू की अंगठ्याचं? जेवढं सांगायच्या, तेवढा हात ताठ व्हायचा.

एक दिवस त्या मुलीसमोर माझं डोकंच फिरलं. "गप्प बस गं! एखादी नाडी दे इकडे."

तिने खुर्चीला नाडी बांधून दिली. "करा काकू. मी नाही बोलत." मी बोटांकडे बघितलंच नाही. फासा केवढा हवा, तेवढंच बघितलं. चुकला. परत चुकला. ती बिचारी ओठ दाबून बसली होती. शेवटी एक वाकडीतिकडी सुरगाठ बसली. त्या गप्प बसण्याचे उपकार मी विसरणार नाही.

मग घरी पलंगाच्या दांडीला रोज तेच. वन्सं पुढे आल्या की मी ओरडायचे, "हात नका लावू!" त्या रुसल्या. रुसू देत.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर एकदा दाखवा आणि तोंड मिटून बसा. चुकू द्या त्याला.

एका सकाळी मी एकटी गेले. आतून कडी लावली. नाडी बांधायला बराच वेळ लागला. शेजारच्या पोराने दार बडवलं, "ओ काकू, झोपलात काय आत? आवरा ना!"

आजारी पडल्यापासून सगळे माझ्याशी गोड, हळू आवाजात बोलत होते. असं कोणी खेकसलंच नव्हतं.

"थांब रे मेल्या!" मी आतून ओरडले, आणि गाठ मारता मारता मला रडू फुटलं.