नवऱ्याची पडताळणी

नवरा तीन वर्षं रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. आता त्याला कायम करणार होते, पण नवं काम गॅसच्या टाक्यांपाशी. तिथला पास पोलिसांच्या पडताळणीशिवाय मिळत नाही. फॉर्म भरून आला त्या दिवशी मी विचारलं, "जुन्या केसचं काय लिवलंत?"

"लिवलं काय ते," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

मी समजले, दडवलं असणार. दडवण्यासारखंच होतं ना! सहा वर्षांपूर्वी पिऊन रामवाडीच्या एका हॉटेलाची काच फोडली, मालकाला दोन लगावल्या. कोर्टात दंड झाला. त्याआधी पिऊन मोटारसायकल चालवली म्हणून एकदा पकडला होता. पुढे तीन वर्षांनी एका सकाळी त्यानं दारू बंद केली. महिनाभर अंग कापायचं, पण पुन्हा शिवला नाही.

आठवड्याभरात हवालदार दारात. मी नुकतीच गणपतीच्या कारखान्यातून आले होते, पितांबराचा पिवळा रंग अजून नखांत होता.

"वहिनी, नवरा पितो का?"

"छे हो! वास पण नाय सहन होत त्यांना."

"कधी पोलीस केस?"

"नाव नका काढू. गायीसारखा माणूस."

शेजारच्या काकी कुंपणापाशी उभ्याच होत्या. मी डोळा मिचकावायची खोटी, "देवमाणूस हाय, देवमाणूस!" त्यांनी जोर लावला. ह्याच काकींनी किती वेळा त्याला अंगणातून उचलून ओट्यावर निजवला होता.

हवालदारांनी कागद उलटला. "तुमच्या देवमाणसानं स्वतःच्या हातानं लिहिलंय. काच, मारामारी, दंड, दारू कधी सोडली ते, सगळं. आता खोटं कोण, तो का तुम्ही? घरच्यांनी माहिती लपवली असं मला लिहावं लागंल."

मेले! ज्याच्यासाठी खोटं बोलले, त्याच्याच पोटावर पाय दिला. हवालदार गेले तशी मी काकींवर घसरले. काकी म्हणाल्या, "आता माझ्यावर कशाला गो? सुरवात तू केलीस!" खरंच होतं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मला काही सांगायचा धीर झाला नाही.

सकाळी कारखान्यात सांगून मी पेणचं पोलीस ठाणं गाठलं. कालच्याच हवालदारांपुढे, बाकावर बसायच्या आधीच बोलून टाकलं, "साहेब, काल मी खोटं बोलले. प्यायचा. खूप प्यायचा. केस पण झाली. आता तीन वर्षं झाली, एक थेंब नाय."

"कशावरून?"

ह्याचा काय पुरावा देणार? राग आला मला. "कशावरून म्हणजे? आधी आमटीत मीठ घातलं का चुन्याची निवळी, त्याला पत्ता नसायचा. आता रोज ताटावर बसला की मीठ कमी, तिखट जास्त, भात गिच्च! डोकं खातो माझं. या एकदा जेवायला, स्वतः ऐका."

हवालदार इतके हसले की आतून दुसरे दोघं बघायला आले. मग त्यांनी माझं म्हणणं नीट लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सही घेतली. "हे आधीच सांगायचं होतंत," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी नवऱ्याचा फोन. "पास मिळाला," म्हणाला. मी कारखान्यात मूर्त्यांच्या रांगेत बसून मोठ्यानं रडले. हायसं वाटलं हो, किती म्हणून सांगू!

रात्री जेवताना मी ठाण्याचं सगळं सांगितलं. वाटलं, भडकणार. तो खाली बघत म्हणाला, "हवालदारांनी सांगितलं मला."

"मग बोललात का नाय? आणि फॉर्ममध्ये लिवलंत ते तरी मला सांगायचं."

"भ्यालो. म्हटलं, हातानं नोकरी घालवली म्हणशील. आपल्या पोरीला घेऊन माहेरी जाशील."

"अहो, पीत होतात तेव्हा नाय गेले. आता खरं लिवलंत म्हणून जाईन होय?"

त्यानं डावा हात डोळ्यांवर धरला आणि बराच वेळ काढला नाही. मी त्याच्या पानात भात वाढला.