शेवटच्या प्रकरणाआधी

कुणाला गुन्हेगार ठरवायला तुम्हाला किती पुरावा लागतो?

राहात्यात एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं रहस्यकथा वाचणाऱ्यांचं मंडळ दर महिन्याला जमतं. कादंबरीचं शेवटचं प्रकरण आम्ही टाचण्या लावून बंद ठेवतो. आधी प्रत्येकाने खुनी कोण ते सांगायचं, पुराव्याचं पान दाखवायचं, मगच टाचण्या निघतात.

त्या महिन्यातल्या कादंबरीत साखर कारखान्याच्या आवारात खून होतो.

"ऊसतोडीवाला! दुसरं कोण असणार?" दुकानाचे मालक काका म्हणाले. "आज इथं, उद्या तिथं. असल्यांचा काय भरवसा?"

बाकीचे हसले. त्यांनीही त्यालाच मत दिलं. पान कुणीच उघडलं नाही.

माझ्या शेजारच्या मैत्रिणीने पुस्तक मिटलं. तिचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. "मी आता येणार न्हाई," ती माझ्या कानात म्हणाली आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली.

माझं डोकं तापलं. "काका, पान दाखवा."

"अगं, गोष्ट आहे ती. एवढं काय भडकायचं?"

"नियम तुम्हीच केलाय."

काका चष्मा लावून पानं चाळत राहिले. शेवटी म्हणाले, "न्हाई सापडत. माझं मत खोडा."

मैत्रीण एका पायात चप्पल घालून दारातच थांबली होती. ती आत आली नाही, पण जिनाही उतरली नाही.

तुमच्या गल्लीत चोरी होईल आणि कुणी पालावरच्या माणसांकडे बोट दाखवेल, तेव्हा गप्प बसू नका. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, त्याच्याकडे पुरावा मागा.