सुमेधाताईंचं तीन दिवसांचं पाणी

सुमेधाताई पाटणकर आमच्याच इमारतीत राहायच्या. ओसाकाच्या उत्तरेला तोयोनाका म्हणून भाग आहे, तिथे. त्या अकराव्या मजल्यावर, आम्ही सहाव्या. त्यांचे यजमान जयप्रकाश एका ट्रेडिंग कंपनीत होते. २००९ साली तीन वर्षांच्या पोस्टिंगवर म्हणून मुंबईहून आले आणि मग दर वेळी मुदत वाढत गेली. मुलगी जुई तेव्हा अकरा वर्षांची होती.

सुमेधाताई मूळच्या कराडच्या. ठेंगण्या, मोजकं बोलणाऱ्या, कामाला वाघ. जपानी त्यांनी वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गात शिकून घेतलं आणि एका सुपरमार्केटच्या किचनमध्ये आठवड्यातून चार दिवस बाइतो धरला. बाइतो म्हणजे तासांवरचं काम. सहा तास उभं राहून गाजर, कोबी, मुळा चिरायचा. त्या सहा तासांत त्या पाणी पीत नसत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कराडला त्यांच्या शाळेत मुलींसाठी एकच संडास होता आणि त्याला आतून कडी नव्हती. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘घरून जाऊन निघ, आणि पुन्हा घरी आल्यावरच जा.’ पुढे एसटीचे प्रवास, लग्नकार्यं, नोकरीच्या मुलाखती, सगळीकडे तोच नियम. सकाळी अर्धा कप चहा, मग संध्याकाळपर्यंत थेंब नाही. त्यांना ही अडचण वाटत नव्हती. उलट थोडा अभिमानच होता. जपानमध्ये स्टेशनास्टेशनावर लखलखीत संडास, बसायची जागासुद्धा गरम, तरी सवय गेली नाही. दोनदा लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले, पाणी वाढवा. ताईंनी गोळ्या घेतल्या, पाणी होतं तेवढंच ठेवलं.

२०१७च्या उन्हाळ्यात वॉर्ड ऑफिसात त्यांना एक पत्रक मिळालं. होक्काइदोच्या पूर्व किनाऱ्यावर वाळूचं एक लांबलचक बेट आहे. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. तिथे पाठीवर सामान घेऊन तीन दिवस चालायचं, दोन रात्री तंबूत राहायचं. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी, वाटाड्यासकट. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : चढ अजिबात नाही.

ताईंचे गुडघे कुरकुरत असल्यामुळे त्यांना ती शेवटची ओळ आवडली. शिवाय आठ वर्षांत त्यांनी जे पाहिलं ते जयप्रकाशरावांनी आखलेल्या सहलींतून, हॉटेलच्या नाश्त्यासकट. सप्टेंबरात ते दोन आठवडे जाकार्ताला जाणार होते. ताईंनी फॉर्म भरला आणि मग घरात सांगितलं.

जुई तेव्हा क्योतोला शिकत होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, “मम्मी, मुरी.” मुरी म्हणजे जमणारच नाही.

“का जमणार नाही?”

“तुला वाळूत चालता येतं का? तिथे टॉयलेट पण नाही.”

“बघू,” ताई म्हणाल्या. त्यांच्या मनात आलं, नाही तर नाही. तीस-पस्तीस वर्षं आपण काढलीच की.

बेटावर एका मच्छीमाराच्या बोटीनं सोडलं. ताई धरून सहा जण होते. सगळ्यांना घेऊन जाणारी हाताकेयामा-सान ही चाळिशीच्या आसपासची बाई होती, मियागी प्रांतातली, उन्हानं रापलेली, आवाज हळू. तिनं धक्क्यावरच काट्यानं प्रत्येकाची पिशवी तोलली आणि ताईंच्या पिशवीतून दोन सलवार-कमीज, स्टीलचा डबा आणि इस्त्रीची घडी असलेली चादर काढून बोटीत ठेवायला लावली. मग प्रत्येकाला तिनं एक पुडकं दिलं. त्यात जाड पिशव्या आणि पांढरी पूड होती. लघवी किंवा शौच पिशवीत करायचं, वर पूड टाकायची, घट्ट होतं, मग गाठ मारून एका राखाडी नळकांड्यात टाकायची. नळकांडं ज्याचं त्यानं आपल्या पाठपिशवीला बांधायचं आणि तिसऱ्या दिवशी परत न्यायचं. बसायला घडीची खुर्ची आणि माणूस मावेल एवढा उभा तंबू होता. तो तंबू मुक्कामापासून तीसेक पावलांवर लावला. बेटावर झाड नव्हतं. गुडघाभर गवत आणि रानगुलाबाची झुडपं होती, त्यांना लाल फळं लागली होती. तंबूकडे कोण जातंय हे सगळ्यांना दिसणार होतं.

ताईंनी तिथेच ठरवलं, पाणी कमी करायचं. जेवण पण.

अडचण एकच होती. हाताकेयामा-सान पाण्याचा हिशेब ठेवायची. बेटावर गोडं पाणी नाही; मच्छीमारानं आधीच मुक्कामाच्या जागी डबे आणून ठेवलेले. प्रत्येकाला दिवसाला तीन लिटर. संध्याकाळी ती वही घेऊन विचारायची, किती प्यायलात, किती वेळा गेलात, रंग कसा होता. बाकीचे अवघडून, हसून सांगत. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी आकडे ठोकून दिले. त्याआधी त्या वाळूच्या उंचवट्यामागे जाऊन लिटरभर पाणी ओतून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी आणखी अर्धा लिटर ओतलं.

वाळूत चालणं चढापेक्षा वाईट असतं हे त्यांना तासाभरात कळलं. पाऊल टाकावं तेवढं मागे घसरायचं. दुसऱ्या दिवशी ऊन होतं, पण वारा थंड, त्यामुळे घाम कळत नव्हता. साडेदहाच्या सुमारास त्यांच्या पोटऱ्यांना गोळे आले. मग डोकं दुखायला लागलं. त्यांच्यापुढे इवाई-सान नावाच्या कोबेच्या बाई चालत होत्या, त्यांच्या पिशवीचा हिरवा रंग ताईंना दोन-दोन दिसायला लागला. ताई हाक मारणार होत्या, तेवढ्यात गुडघ्यावर बसल्या आणि ओकल्या. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त पडलं.

हाताकेयामा-साननं घाई केली नाही. काठ्यांवर ताडपत्री टाकून सावली केली, ताईंचे बूट काढले, मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं द्यायला सुरुवात केली. बाकीच्यांना तिनं समुद्राकडे पाठवलं.

“आज किती प्यायलात?”

“दीड लिटर.”

“सकाळी लघवीचा रंग?”

“फिका.”

हाताकेयामा-साननं चमचा भांड्यात ठेवला. मग म्हणाली, “पाटणकर-सान, उंचवट्यामागची वाळू ओली होती. काल पण आणि आज पण.”

ताईंना रडू फुटलं. पाणी वाया घालवल्याचं होतं की पकडल्या गेल्याचं, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. मोडक्या जपानीत त्यांनी शाळेचं सांगितलं, कडी नसल्याचं सांगितलं. कडीला जपानीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून हातानं करून दाखवलं.

हाताकेयामा-साननं ऐकून घेतलं. मग ती तिच्या मावशीबद्दल बोलली. बसचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात बोलली, असं ताई म्हणायच्या. २०११ साली मावशी सदुसष्ट वर्षांची होती. त्सुनामीच्या दिवशी ती टेकडीवर पळाली आणि वाचली. मग शाळेच्या व्यायामशाळेत राहिली, चारशे लोकांबरोबर. नळ बंद, संडास तुंबलेले, वीज नाही. म्हाताऱ्या बायकांनी आपसात न बोलताच पाणी पिणं सोडलं. दिवसभर घोंगडीवर पाय दुमडून बसून राहायच्या. सहाव्या दिवशी सकाळी मावशी घोंगडी घडी करायला उठली आणि पडली. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली.

“लाट तिच्यापर्यंत आली पण नव्हती,” हाताकेयामा-सान म्हणाली. “मी तेव्हा त्याच व्यायामशाळेत होते. पाण्याच्या बाटल्या वाटत होते. तिनं रोज माझ्याकडून बाटली घेतली. सगळ्या भरलेल्या सापडल्या, उशाशी.”

ताईंनी चमचा स्वतःच्या हातात घेतला.

“आता असं करू,” ती पुढे म्हणाली. “दोन तास थांबू. तुम्ही प्यायचं. दोन तासांत लघवी झाली नाही तर मी बोट बोलावणार आणि तुम्हाला दवाखान्यात नेणार. झाली तर पुढे चालू.”

सगळा गट वाळूत बसून राहिला, एका बाईला लघवी होण्याची वाट बघत. ताईंना वाटलं होतं लाजेनं मरून जाऊ. पण अर्ध्या तासानंतर लाज वाटायलाही कंटाळा आला, असं त्या सांगायच्या. मध्येच इवाई-सान सावलीत येऊन बसल्या. त्यांनी आपल्या बाटलीचं झाकण भरून पाणी घेतलं, प्यायल्या, परत भरलं, परत प्यायल्या. “मी पण कमीच पीत होते,” त्या खाली बघत म्हणाल्या. “खोटं सांगितलं होतं काल.” हाताकेयामा-साननं वही उघडून कालचा आकडा खोडला.

एक तास चाळीस मिनिटांनी सुमेधाताई उठल्या, पुडकं घेतलं आणि उभ्या तंबूकडे चालत गेल्या. वाऱ्यानं कापड फडफडत होतं. बाहेर येऊन त्यांनी पिशवीला गाठ मारली, नळकांड्यात टाकली.

“झाली,” त्या म्हणाल्या.

“रंग?”

“चहासारखा.”

“मग अजून प्या,” हाताकेयामा-सान म्हणाली आणि वेळ लिहून घेतली.

गेलेल्या वेळामुळे त्यांना बेटाचं टोक गाठता आलं नाही. तिथे एक जुना दीपस्तंभ होता, पत्रकात त्याचा फोटो होता. तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावर दाट धुकं आलं. आठ वाजता बोट आली आणि सगळे परतले. गटातल्या एका तरुणानं अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं की दीपस्तंभ न दिसल्यामुळे निराशा झाली. ताईंना ते योग्यच वाटलं. त्यांनी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “नाही नाही,” पण कागद बदलला नाही.

हे सगळं मला पुढच्या वर्षी कळलं. १८ जून २०१८ला, सोमवारी सकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना ओसाकात भूकंप झाला. माझे यजमान सुयश नुकतेच ऑफिसला निघालेले, ते बंद पडलेल्या ट्रेनमध्ये अडकले. घरात मी, दोन वर्षांची विभा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. कपाटातली भांडी खाली आली होती. लिफ्ट बंद. वीज गेली, पंप थांबला. नळातून आधी तांबूस पाणी आलं आणि मग काहीच नाही.

दहाच्या सुमारास दार वाजलं. सुमेधाताई अकराव्या मजल्यावरून एकेक दार वाजवत खाली येत होत्या. खांद्यावर पिशवी. त्यांनी आधी विभाला बघितलं, मग सासूबाईंना.

“काकू, पाणी प्यायलात?”

“नको गं,” सासूबाई म्हणाल्या. “फ्लश चालत नाही. आता प्यायलं तर मग जायचं कुठे?”

“सकाळपासून गेलाच नाही?”

“मला सवय आहे.”

“माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “मला पण होती.” त्या सरळ आमच्या संडासात गेल्या, भांड्यावर पिशवी बसवली, पूड कशी टाकायची ते मला दाखवलं. मग बाहेर येऊन त्यांनी सासूबाईंच्या हातात पेला दिला आणि समोर बसून राहिल्या. सासूबाई घोट घेऊन पेला खाली ठेवायला लागल्या की म्हणायच्या, “अजून आहे, काकू.”

“अगं, बाकीच्यांकडे जायचंय ना तुला?”

“तुमचा पेला संपला की जाते.”

पेला संपला. मग दाराशी उभ्या राहून त्यांनी मला दोन वाक्यांत बेटाचं सांगितलं, पुढचं दार वाजवायला गेल्या. बाकीचं नंतर सवडीनं सांगितलं. संध्याकाळी वीज आली. सुयश चार तास चालून घरी पोचले होते. आमच्या इमारतीत कुणाला काही झालं नाही, आणि झालं असतं की नसतं हे कुणी सांगू शकत नाही.

पुढे ताई हाताकेयामा-सानबरोबर आणखी दोनदा बेटावर गेल्या, मदतनीस म्हणून. दोन्ही वेळा सगळ्यांच्या मागून चालल्या. एकदा टोकापर्यंत पोचल्या. दीपस्तंभ बंद होता आणि त्यावर पक्ष्यांची घाण होती, एवढंच त्यांनी त्याचं वर्णन केलं. एकदा जुईसुद्धा बरोबर आली. तिला ते फारसं आवडलं नाही.

२०२१ साली जयप्रकाशराव निवृत्त झाले आणि दोघं भारतात परतून पुण्याला राहायला गेले. तिथे सोसायटीच्या हॉलमध्ये ताईंनी बायकांसाठी एक तास ठेवला. फलकावर विषय काय लिहायचा यावरून सेक्रेटरी बाळासाहेब अडून बसले होते. ‘आरोग्य’ एवढंच लिहा, असं त्यांचं म्हणणं होतं. ताईंनी खडू घेऊन ‘लघवी’ लिहिलं. अकरा जणी आल्या. चौघी शेवटपर्यंत थांबल्या. बाकीच्यांना जपानमधल्या साकुराच्या फुलांबद्दल विचारायचं होतं, त्यांनी आधी तेच विचारलं आणि ताईंनी त्याचीही उत्तरं दिली.